मोकळी तार सुरात, दाबली की बेसूर: गिटारचं दुखणं शोधायचं कसं

जुलै लागला की चिपळूणला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, ट्यूनर हिरवा दाखवतोय, पण सी कॉर्ड घाण वाजतेय." मोकळ्या सहाही तारा बरोबर लागलेल्या असतात. तार दाबली की मात्र सूर चढा. पुन्हा ट्यून करायचं, पुन्हा तेच. दोन-चार दिवसांत मूल स्वतःच्या कानाला नाहीतर बोटांना दोष द्यायला लागतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्याचा कान बरोबर ऐकत असतो आणि गिटार चुकत असते.

माझ्या स्वतःच्या गिटारनं मला तीन पावसाळे असंच छळलं. पहिल्या वर्षी मी ती एका दुकानात नेली. तिथे सॅडल, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासून दिलं. ऑगस्टमध्ये छान वाजली आणि जानेवारीत सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटून झणझणायला लागली. नवं सॅडल बसवलं, तर पुढच्या जुलैत सूर पुन्हा चढला. तिसऱ्या वर्षी मी कशालाही हात लावण्याआधी वही घेऊन मोजायला बसलो, तेव्हा कळलं की हे एक दुखणं नव्हतंच. दोन बिघाड होते, त्यातला एक बारमाही आणि एक फक्त पावसाळी. तिसरी गोष्ट मला बिघाड वाटत होती, पण तो बिघाड नव्हता. तिन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येत होत्या, म्हणून एकाच उपायानं काही सुटत नव्हतं.

आधी एक खात्री करून घ्या. मोकळी तार लावा, दहा मिनिटं वाजवा आणि पुन्हा ट्यूनरवर बघा. मोकळी तारच उतरली किंवा चढली असेल तर तुमचा त्रास वेगळा आहे. खुंटीवर तारेचे वेढे सैल असतील, किंवा नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) खाचेत तार अडकत असेल. खुंटी फिरवताना "टिक" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर खाच अडवतेय हे नक्की. त्या खाचेत शिसपेन्सिलीचं टोक फिरवलं तरी बराच फरक पडतो. या लेखात मी बोलतोय ते मोकळी तार जागेवर राहते पण दाबल्यावर बिघडते, त्याबद्दल.

दुसरी खात्री तारांची. तारा चार महिन्यांपेक्षा जुन्या असतील तर पुढचं काही मोजू नका, आधी बदला. घामानं तार गंजते, तिच्यावर मळ बसतो, फ्रेटच्या वर येणाऱ्या जागी तिला खड्डे पडतात. तारेखालून नख फिरवून बघा, दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटपाशी ते नखाला जाणवतात. अशी तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही, आणि मग कुठलाच फ्रेट धड बोलत नाही. कोकणातल्या दमट हवेत तारा लवकर जातात, मी दर दोन महिन्यांनी बदलतो. क्वचित नवी तारसुद्धा सदोष निघते. एकाच तारेचे आकडे बाकी पाचांपेक्षा विचित्र आले तर ती एक बदलून पुन्हा मोजा.

आता वही काढा. फोनवर सेंट दाखवणारं एखादं ट्यूनर ॲप घ्या आणि पंखा बंद करा. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंतचं अंतर म्हणजे १०० सेंट. प्रत्येक तार मोकळी बरोबर शून्यावर लावायची आणि मग पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि बारावा फ्रेट दाबून काटा किती चढा दाखवतो ते लिहायचं. तार छेडल्या क्षणी सूर थोडा चढाच असतो, म्हणून एक सेकंद थांबून आकडा वाचा. दाबताना नेहमी वाजवता तेवढाच जोर द्या, बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवा आणि तार आडवी ओढली जाऊ देऊ नका. माझे काही विद्यार्थी सी कॉर्ड धरताना दुसरी तार नकळत वर ढकलतात. त्यांच्या गिटारला काही झालेलं नसतं, मी वाजवली की तीच गिटार सुरात असते. म्हणून दोघांनी मोजलं तर उत्तम.

तिसऱ्या जुलैत माझ्या दुसऱ्या तारेचे आकडे असे होते: पहिल्या फ्रेटवर १३ सेंट चढा, तिसऱ्यावर १०, पाचव्यावर ८, बाराव्यावर ९. हे आकडे वाचता आले की निम्मं काम झालं. पहिल्या तीन फ्रेटवर चूक सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत असेल तर दोष नटकडे. बाराव्याकडे जाताना वाढत असेल तर दोष तारांची उंची, नेकचा (दांडीचा) बाक किंवा सॅडल यांत. दोन्ही टोकांना असेल, माझ्यासारखी, तर दोन दोष आहेत. एखादाच फ्रेट मधूनच वेडावाकडा बोलत असेल तर त्या फ्रेटची झीज बघा, तो माथ्यावर सपाट झालेला असतो. ते काम मात्र जाणकार कारागिराचं.

हे असं का होतं, ते सतारीशी ताडून बघितलं तर चटकन कळतं. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सूर बिघडला तर वादक पडदा सरकवतो. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. ते गणितानं बसवलेले असतात. प्रत्येक फ्रेटनंतर उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (मोकळ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर बारावा फ्रेट ३२४ मिलिमीटरवर येतो, बरोबर अर्ध्यावर. पण तार दाबताना ती खाली खेचली जाते, म्हणजे ताणली जाते, आणि ताण वाढला की सूर चढतो. तार जितकी उंच, तितका ताण जास्त. हा चढ काढून टाकायला बनवणारे सॅडल थोडं मागे आणि तिरकं बसवतात. पहिल्या तारेसाठी साधारण २ मिलिमीटर, सहाव्या तारेसाठी ४ ते ५. तुमच्या गिटारवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि तिथून सॅडलच्या माथ्यापर्यंतचं मोजा. दुसरं अंतर वर सांगितलं तेवढं जास्त भरलं पाहिजे. दोन्ही सारखी भरली तर सॅडल ज्यात बसतं तो ब्रिजच चुकीच्या जागी आहे. सुरुवातीला घेतलेल्या अगदी स्वस्त गिटारवर तसं आढळलं तर तिच्या दुरुस्तीवर पैसे घालू नका, ते दुसऱ्या गिटारसाठी साठवा.

फ्रेट हलत नाहीत, म्हणजे दुरुस्ती करायच्या जागा दोनच उरतात: तारेचं वरचं टोक आणि खालचं टोक. कुठल्या टोकाचा परिणाम कुठे होतो, हे माहीत नसल्यामुळे सर्वाधिक गिटारी बिघडवल्या जातात असं माझं ठाम मत आहे. सॅडलचा माथा १ मिलिमीटर मागे सरकवला तर बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या मानानं सुमारे २.७ सेंट उतरतो. त्याच १ मिलिमीटरनं पहिल्या फ्रेटवर पडणारा फरक मात्र जेमतेम ०.१६ सेंट, म्हणजे कानाला शून्य. सी कॉर्ड पहिल्या फ्रेटपाशी वाजते. तिची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची गिटार सॅडलपाशी दुरुस्त होणार नाही. माझ्या बाबतीत पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. तक्रार नटची आणि घासलं गेलं सॅडल.

नट तपासायला कसलंही हत्यार लागत नाही. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून धरा. आता पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तार जवळजवळ टेकलेली दिसली पाहिजे, मधे अगदी केसाएवढी फट हवी. वरून बोटानं टिचकी मारली तर तार किंचित खाली जाऊन "टिंग" वाजली पाहिजे. वाजलीच नाही तर खाच जास्त खोल आहे. फटीत प्रिंटरच्या कागदाची दोन-तीन पानं आरामात जात असतील (एक पान साधारण ०.१ मिलिमीटर), तर खाच उंच आहे आणि पहिल्या फ्रेटवर सूर चढणारच. नवीन गिटारवर हा दोष इतका सर्रास असतो, कारण कारखान्यात खाचा मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे तार झणझणत नाही. नवशिक्याची बोटं दुखतात तीही यामुळेच. एका बोटानं सगळ्या तारा दाबायची एफ बॅरे कॉर्ड जमत नाही म्हणून गिटार सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींची गिटार हातात घेतल्यावर नट बघून मला हळहळ वाटली आहे.

खाच खोल करायला नटच्या खास कानशी मिळतात, पण महाग पडतात. हार्डवेअरच्या दुकानात गॅस वेल्डिंगची टिप साफ करायच्या बारीक गोल कानशींचा संच मिळतो, दुसऱ्या तारेपासून पुढे त्या चालतात. पहिल्या तारेच्या खाचेला त्या जाड पडतात. तार सैल करून बाजूला घ्यायची, कानशीचं मागचं टोक हेडच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूला खाली कलतं धरायचं आणि दोन-तीन हात मारायचे. तार पुन्हा सुरात लावायची, तपासायचं. पुन्हा दोन हात. घाई केलीत तर एका फटक्यात खाच खोल जाते. गेलीच, तर खाचेत खाण्याचा सोडा दाबून भरून वर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा, सुकलं की नव्यानं घासता येतं. कानस कलती धरायची ती यासाठी, की तार नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरूनच सुटायला हवी. खाच सपाट राहिली तर तार तिथे घासत बोलते, तंबोऱ्याच्या जवारीसारखी. तंबोऱ्यावर ती गोड लागते, गिटारवर तोच गुंजारव दोष ठरतो.

माझ्या दुसऱ्या तारेची खाच नीट झाल्यावर पहिल्या फ्रेटचे १३ सेंट होते त्याचे ४ झाले. बाराव्याचे ९ होते ते ८ वर राहिले. म्हणजे बारमाही दुखणं गेलं, पावसाळी राहिलं.

पावसाळी दुखण्याचं मूळ लाकडात आहे. गिटारच्या वरच्या फळीची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून ओढ सुमारे ७० किलोचा. १२ नंबरच्या तारा (पहिली तार ०.०१२ इंच जाड) असतील तर एवढा, १० नंबरच्या असतील तर थोडा कमी. गिटारला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. आमच्याकडे जुलैत घरातला हायग्रोमीटर ८५ च्या खाली यायला तयार नसतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, ब्रिजमागे फळीला पोट येतं, त्याबरोबर ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंचावतात. माझ्या वहीत सहाव्या तारेची उंची बाराव्या फ्रेटपाशी जानेवारीत २.४ मिलिमीटर आहे आणि जुलैत ३.२. पहिल्या तारेची १.८ आणि २.४. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोटांना कळतो आणि कानाला नक्की कळतो. विदर्भात मे महिन्यात याच्या उलट होतं. हवा इतकी कोरडी पडते की फळी आत बसते, तारा खाली येऊन झणझणतात आणि आक्रसलेल्या फ्रेटबोर्डाच्या कडेनं फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात.

उंची मोजण्याआधी नेकचा बाक बघून घ्या. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जोडली जाते तिथल्या फ्रेटवर, बहुधा चौदाव्या, एकाच वेळी दाबा. मधे, सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांत प्रिंटरच्या कागदाची दोन पानं जाण्याएवढी फट असावी. त्याहून बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा आवळा, तारा पुन्हा लावा आणि एक रात्र जाऊ द्या. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको, आणि जोर लागत असेल तर थांबा. तारा उंच वाटल्या की ट्रस रॉड आवळायचा, अशी समजूत सर्वत्र आहे, ती चुकीची आहे. रॉड बाकासाठी आहे, उंचीसाठी नाही.

बाक ठीक असून उंची जास्त असेल तर सॅडल खालून घासावं लागतं. बाराव्या फ्रेटपाशी अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडलचा १ मिलिमीटर काढावा लागतो. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर सॅडल उभं धरून घासा, म्हणजे तळ सपाट राहतो. पण, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगतोय, जुलैत फुगलेल्या गिटारचं मूळ सॅडल घासू नका. नोव्हेंबरमध्ये पोट उतरतं आणि तारा फ्रेटवर पडतात. घासलेलं परत चिकटवता येत नाही.

सॅडलचा माथा मागेपुढे करणं हा उपाय अगदी शेवटचा. तारा नव्या, नट बरोबर, बाक आणि उंची बरोबर, आणि तरीही बारावा फ्रेट त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडल्यावर येणाऱ्या स्वरापेक्षा) चढा, अशा वेळीच. पहिल्या तारेचा कापून उरलेला बारीक तुकडा घ्या, तो तारेखाली सॅडलच्या माथ्यावर आडवा ठेवा आणि चिमट्यानं मागेपुढे सरकवत दाबलेला बारावा आणि हार्मोनिक जुळवा. जिथे जुळतील तिथे पेन्सिलीनं खूण करा. मग त्या खुणेवर टेकाड राहील असा माथा घासा. दुसऱ्या तारेचं टेकाड नेहमी शेजारच्या तिसरीपेक्षा मागे येतं, कारण दुसरी जाड आणि साधी असते, तिसरी वेढ्यांची असून आतून बारीक असते. बाजारात मिळणाऱ्या सॅडलवर दुसऱ्या तारेपाशी एक पायरी दिसते ती यासाठीच. सॅडलची जाडीच ३ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे यातून फार तर ४-५ सेंट मिळतात. १५ सेंटचा दोष इथे सुटणार नाही, तो दुसरीकडेच आहे.

आता तिसरी गोष्ट, जी माझ्यासाठी सगळ्यांत त्रासाची ठरली. सगळं झाल्यावरही जी कॉर्डमधला गांधार, म्हणजे मोकळी दुसरी तार, मला चढा लागत होता. मी तो कानानं उतरवायचो. जी कॉर्ड अशी गोड व्हायची की डोळे मिटावेत, आणि पुढच्याच क्षणी डी कॉर्ड धरली की त्याच तारेवरचा षड्ज उतरलेला. पुन्हा चढवायचो, पुन्हा जी बिघडायची. आमच्या घरात आईचा तंबोरा होता आणि मी लहानपणी त्याच्या शेजारी बसून गाणं शिकलो. षड्जाची तार नीट लागली, जवारी उघडली की तिच्या पोटातून जो गांधार आपसूक ऐकू येतो, तो माझ्या कानात बसलेला आहे. तो गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. गिटारवर फ्रेटचं गणित बारा सारख्या भागांचं, तिथे गांधार ४०० वर. १४ सेंटचा फरक गिटारच्या रचनेतच आहे, पेटीच्या गांधारातही तो तसाच आहे. तुम्ही हिंदुस्थानी गाणं शिकला असाल आणि मेजर कॉर्ड तुम्हाला खुपत असतील, तर ट्यूनर काय दाखवतो ते बघा. तो सगळीकडे दोन-तीन सेंटच्या आत असेल तर गिटारला हात लावू नका. एखादं गाणं आख्खं जीमध्येच असेल तर दुसरी तार ४-५ सेंट उतरवून वाजवा, तेवढी तडजोड डीलाही सोसते.

पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मोनिक जुळवून गिटार लावणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. ते हार्मोनिक शुद्ध असतात आणि दर तारेला २ सेंट कमी देतात. सहावीपासून सुरुवात केली तर तिसरी तार ६ सेंट उतरलेली लागते. तारा ट्यूनरवर एकेक लावा, नाहीतर बाराव्याचे हार्मोनिक वापरा.

कॅपोनंही, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्यानंही, सूर चढतो. तो फ्रेटच्या अगदी मागे, सरळ लावा, आणि लावल्यावर एकदा ट्यूनर बघा.

पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, बाहेरच्या भिंतीला तर नकोच. वाजवून झाली की पुसून कडक केसमध्ये, बंद, आणि आत रंग बदलणारी सिलिका जेल. ओली झाली की रंग बदलते, तापवून पुन्हा वापरता येते, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवून गिटार "वाळवायला" जाऊ नका, आणि बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका. उष्णतेनं सरस सैल पडून ब्रिज मागून उचलला जातो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का, हे महिन्यातून एकदा बघा. सरकला तर तारा सैल करून तडक कारागिराकडे न्या.

माझ्या केसच्या कप्प्यात आता हाडाची दोन सॅडलं असतात. एकावर पेन्सिलीनं "पा" लिहिलंय, ते दीडेक मिलिमीटर बुटकं आहे. दुसऱ्यावर "हि". मृगाचा पाऊस पडला आणि सहाव्या तारेची उंची २.८ वर गेली की तारा बदलायच्या वेळीच "पा" बसवतो. त्या दिवशी दुसऱ्या तारेचा बारावा फ्रेट वहीत ३ सेंट येतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तार कुठेतरी पहिल्यांदा झणझणली, की "हि" परत जागेवर.